शाईकाकांचा डावा कान

आमच्या छापखान्यात मोठं मशीन चालवणाऱ्या माणसाला सगळे शाईकाका म्हणतात. सत्तावीस वर्षं त्यांच्या नखांच्या कडा काळ्या आहेत, अगदी सुट्टीच्या दिवशीही. मी तिथेच मुद्रितं तपासते. माझं टेबल काचेच्या पार्टिशनच्या आत आहे आणि काकांचं मशीन बाहेर. त्यामुळे त्यांचा आवाज मला कमी आणि हातवारे जास्त माहीत.

काकांची एक ख्याती होती. दोन कागद चिकटून एकदम आत शिरले, की मशीन अडकायच्या आधीच काका ते बंद करायचे. एक हात मशीनवर टेकवून, पाठ फिरवून ते कुणाशी गप्पा मारत असले, तरीही. कुणी विचारलंच, तर कानाची पाळी ओढून म्हणायचे, "हे आमचं मीटर."

त्यांची लेक दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिचा फोन यायचा नेमका संध्याकाळी, काका रोलर पुसत असताना. हात बरबटलेले, फोन काळाकुट्ट, बोलणं अर्धवट. एकदा तर फोनच्या काचेवर इतके ठसे उमटले, की पोलिसांनाही पुरले असते. शेवटी लेकीने वायर नसलेले इअरबड्स पाठवून दिले. पांढरेशुभ्र. सोबत चिठ्ठी: "बाबा, आता फोनला हात लावायचा नाही. फक्त बोलायचं."

जेवणाच्या सुट्टीत काका ती डबी घेऊन माझ्या टेबलाशी आले. डबीतला माहितीचा कागद त्यांनी आधी उघडला, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"ताई, हे माणसांसाठी छापलंय की मुंग्यांना पत्र लिहिलंय?"

"काय लिहिलंय त्यात?"

"लिहिलेलं अजून वाचलं नाही. निळा रंग सरकलाय, तो बघतोय."

मग मी वाचायला लागले आणि ते करायला लागले. झाकण उघडा. मागचं बटण तीन सेकंद दाबून धरा, दिवा लुकलुकेपर्यंत. काकांनी दाबलं, सोडलं. काही नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. दोष मोजण्यात होता. "एक-दोन-तीन" ते मशीनच्या वेगाने मोजत होते. मी घड्याळाकडे बघत सावकाश मोजलं, तेव्हा दिवा निळा लुकलुकला. काका खुर्चीत पुढे सरकले.

फोनवर यादी उघडली. तिच्यात इअरबड्सचं नाव होतं, पण इतरही चार-पाच नावं होती. मालकीणबाईंच्या केबिनमधला स्पीकर, समोरच्या दुकानातला टीव्ही, आणि एक नुसताच लांबलचक आकडा.

"ही सगळी मंडळी आत्ता इथे हवेत आहेत?"

"आहेत."

"आणि एकमेकांत गुंतत नाहीत?"

मला कुठे काय माहीत होतं! तरी सांगितलं, की प्रत्येकाला स्वतःचा नंबर असतो, एकदा जोडी जमली की दोघं तो लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी आपोआप ओळखतात. काकांनी ते नीट ऐकून घेतलं. मग यादीतल्या नावावर बोट ठेवलं, दोन्ही बड्स कानात घातले आणि एकदम दचकले.

"बाई बोलली!"

"काय म्हणाली?"

"जोडलं म्हणाली. पण उजव्या कानातच म्हणाली."

मी त्यांच्या फोनवर एक जुनं गाणं लावलं. काकांनी मान वाकडी केली. डावं बोंड काढलं, फुंकर मारली, पुन्हा घातलं.

"हे मुकं आहे. म्हणजे येतोय आवाज, पण कुणी उशीत तोंड खुपसून गावं तसा."

एक बाजू खराब निघते कधीकधी, परत पाठवून बदलून घेता येईल, असं मी म्हटलं. लेकीला तसा मेसेज लिहायलाही घेतला. पण काकांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता.

"थांबा ताई. पानावर एका बाजूला डाग यायला लागला तर आपण काय करतो? कागद उलटा फिरवून घालतो. डाग कागदाबरोबर फिरला तर दोष कागदाचा. जागेवरच राहिला तर मशीनचा."

त्यांनी बोंडं बदलली. डाव्या कानासाठी केलेलं बोंड उजव्या कानात नीट बसेना, म्हणून अंगठ्याने दाबून धरलं. आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"अहो, यात बासरी आहे! मघाशी नव्हती."

गाण्याचे दोन भाग दोन बाजूंना वाटलेले असतात, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मग त्यांनी दुसरं बोंड डाव्या कानाशी नेलं. बराच वेळ धरून ठेवलं. त्यांनी दोन्ही बोंडं डबीत ठेवली, झाकण लावलं.

"डाग जागेवरच राहिला," ते म्हणाले आणि मशीनकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते हसत. पण ते हसू जरा ओढूनताणून आणलेलं होतं. घरी गेल्यावर त्यांनी काकूंना डाव्या बाजूला बसवलं होतं आणि सांगितलं होतं, "हळू आवाजात काहीतरी बोल." काकू सरळ उठून उजव्या बाजूला येऊन बसल्या.

"सहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "जेवायला बसताना मी खुर्ची बदलली ती का, असं तुम्हाला वाटलं? रस्त्यात चालताना मी नेहमी या बाजूला येते, ती का?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, कान दमलेत, उद्या ठीक होतील. तिसऱ्यांदाही सांगितलं. पण तेव्हा बहुतेक मी डावीकडे बसले होते."

हे सांगताना काका स्वतःच खो-खो हसले. मग म्हणाले, "लोकांचे नवरे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात म्हणे. आमच्याकडे सोडायलाही दुसरा कान नाही, असं म्हणाली."

काकूंनीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं आणि पुढे कान तपासणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी काकांना एका छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना आतून जाड गादी, दार लावलं की बाहेरचं जग गायब. हातात एक बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं.

"सत्तावीस वर्षांत मी इतकी शांतता ऐकली नव्हती," काका मला म्हणाले. "आधी तर मी माझा श्वासच ऐकून बटण दाबत होतो. बाई काचेतून हाताने सांगायला लागल्या, अंदाजाने दाबू नका."

तपासणीचा कागद त्यांनी मागून घेतला आणि थेट माझ्या टेबलावर आणून पसरला. दोन रेघा होत्या. उजव्या कानाची रेघ जवळजवळ सरळ जाऊन शेवटी जराशी उतरत होती. डाव्या कानाची अर्ध्यापर्यंत ठीक होती, मग विहिरीत पडावी तशी खाली गेली होती.

"या विहिरीत काय काय पडलंय, ते मी बाईंना विचारलं," काका म्हणाले. त्यांनी कागदाच्या पाठीमागे यादीच लिहून आणली होती. बारीक, उंच आवाज सगळे. घड्याळाची टिकटिक. पक्ष्यांची किलबिल. बोलण्यातले 'स', 'श' आणि 'फ'.

यादीतल्या 'स' वर त्यांचं बोट थांबलं. गेल्या वर्षी लेक घरी येणार होती. "सातला या" असं ती फोनवर म्हणाली आणि काकांनी ऐकलं "आठला". फोन नेहमीप्रमाणे डाव्या कानाशी होता, कारण उजवा हात कामात. लेक सामानासकट तासभर बसथांब्यावर उभी राहिली. वर काकांनीच तिला सुनावलं, की तोंडातल्या तोंडात बोलायची तुझी सवय कधी जाणार.

"तिने तेव्हा वादही घातला नाही," काका म्हणाले. "घालायला हवा होता."

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला स्वतः फोन केला आणि एवढंच सांगितलं, की सात वाजताचं तुझं बरोबर होतं. पलीकडे ती हसली. उजव्या कानातल्या बोंडातून ते हसू त्यांना अगदी स्वच्छ ऐकू आलं. तिनेच मग फोनमधली एक खूण दाखवून दिली, जिने दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन एकाच कानात येतो. काकांनी लगेच ते जुनं गाणं लावलं आणि बासरी आहे की नाही, याची खात्री करून घेतली.

पण एक गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. डावा कान सहा वर्षं असा, मशीन डाव्या हाताला. मग चिकटलेले कागद कळत होते ते कशाने?

एका दुपारी काम कमी होतं. काकांनी बाइंडिंग खात्यातल्या मावशींना सांगितलं, "रद्दी कागदांच्या थप्पीत तीन ठिकाणी दोन-दोन कागद चिकटवून ठेवा. कुठे ते मला सांगू नका." मग दोन्ही कानांत कापूस, वर घट्ट रुमाल. असा दातदुखीच्या रोग्यासारखा अवतार करून त्यांनी मशीन सुरू केलं, तळहात मशीनच्या कुशीला टेकवला आणि डोळे मिटले. मी वही घेऊन उभी. पहिल्या जोडीला त्यांचं बोट वर आलं. दुसरीला आलं. तिसरीलाही.

मग उलट केलं. कापूस काढला, हात पाठीमागे बांधले. तीनपैकी एक जोडी कळली, तीही मशीन अडकल्यावर.

काकांनी स्वतःच्या तळहाताकडे असं पाहिलं, जसं कुणी अनोळखी माणसाकडे पाहावं. "हा गडी काम करत होता," ते म्हणाले, "आणि कौतुक कानाचं."

मावशी टाळ्या वाजवून हसल्या. काकाही हसले, पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. ते कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेले आणि वरच्या फळीवरून एक धुळीचं खोकं काढलं. मालकीणबाईंनी आठ वर्षांपूर्वी सगळ्यांसाठी आवाज अडवणारी कानझाकणी आणली होती. काकांनी ती दोन दिवस घातली, नाक मुरडलं आणि काढून ठेवली. मशीनचा आवाज ऐकू आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी काढली म्हणून बाकीच्यांनीही काढली.

"माझ्यामुळे तुम्ही काढलीत," ते मावशींना म्हणाले.

"छे हो. घाम यायचा म्हणून काढली."

काकांना ते पटलं नाही. ते खोकं तसंच उचलून मालकीणबाईंच्या केबिनमध्ये गेले. काचेतून मला दिसत होतं: त्यांनी तपासणीचा कागद टेबलावर ठेवला, विहिरीवर बोट ठेवलं, मग खोकं दाखवलं. मालकीणबाई फार बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी कागद दोनदा पाहिला आणि विचारलं, "मशीन चालवता येतंय ना?" काकांनी तळहात पुढे केला. त्यावर त्या काय समजल्या कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यात आम्हा पाचही जणांचे कान तपासून झाले. माझे ठीक निघाले. मावशींची रेघ उतरायला लागली होती, थोडीशीच. कानझाकणी घातल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हा नियम काकांनी स्वतःच्या हाताने छापला. इतक्या मोठ्या अक्षरांत, की मुंग्यांना वाचता आला नसता.

पुढे डाव्या कानासाठी यंत्र आलं. ते फोनला जोडायचं होतं. कान तपासणाऱ्या बाई कागद काढायला लागल्या, तोवर काकांनी सावकाश मोजत ते जोडूनही टाकलं.

त्या दिवशी ते कामावर दोन तास उशिरा आले. घाईघाईने मला सांगायला आले, ते असं.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आधी त्यांना सगळाच कलकलाट वाटला. बुटाखालची वाळू, हातातली पिशवी, स्वतःच्या शर्टाची बाही. यंत्र काढून खिशात टाकावं असं मनात आलं. तेवढ्यात एक आवाज आला. टक, टक, टक, अगदी बारीक. पिशवी हलवून पाहिली, ती नव्हे. घड्याळ कानाशी नेलं, तेही नव्हे. मग ते आवाजाच्या मागे निघाले. उजवीकडे गेले तर मंद होई, डावीकडे वळले तर जवळ येई. दुकानं ओलांडली, चौक आला. रस्ता ओलांडायच्या जागी सिग्नलचा खांब होता, त्याच्या पोटात तो टकटकत होता. काका कान लावून उभे असतानाच दिवा बदलला आणि टकटक एकदम वेगाने धावायला लागली.

शेजारी वर्तमानपत्रं विकणारी बाई होती. तिला त्यांनी विचारलं, "हे कशाला वाजतं?"

"ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. भराभर वाजलं की ओलांडायचं."

"कधीपासून वाजतंय?"

"मी इथे बसते तेव्हापासून. पाच वर्षं झाली असतील."

पाच वर्षं काका रोज त्याच चौकातून बस धरत होते. त्यांनी डोळे मिटले. टकटक सावकाश झाली, थांबली, पुन्हा धावायला लागली. तेव्हा ते डोळे मिटूनच पाऊल टाकायला निघाले, तर त्या बाईने मागून शर्ट धरून ओढलं आणि चांगलं खडसावलं. मग त्यांनी डोळे उघडे ठेवून रस्ता ओलांडला. पलीकडच्या खांबाचा आवाज वेगळा आहे का, ते पाहायला थांबले. तो थोडा जाड होता. म्हणून पुन्हा अलीकडे आले, ताडून पाहायला.

"असं किती वेळा केलंत?" मी विचारलं.

"सहा. तोवर तीन बस गेल्या."

एवढं बोलून ते बाहेर गेले, कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं, कानझाकणी चढवली आणि मशीन सुरू केलं.