डॉक्टरीणबाईंची पाठ

आमचे साडू शिंपी. सगळं जग त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही मास्तरच म्हणतो. माणूस किडकिडीत, गळ्यात टेप, कानावर खडू, आणि टीव्हीचं वेड असं की बायको तापानं फणफणली तरी आधी विचारतील, "मालिकेपर्यंत उठशील ना गं?" म्हणजे मायेनंच हं. दोघांनी मिळून बघायची सवय.

बाकीचे लोक टीव्ही बघतात, मास्तर टीव्हीची मापं घेतात. पडद्याशी स्टूल ओढायचं आणि नायिका जरा स्थिर उभी राहिली की काचेवर टेप लावायची. माझी मेहुणी मागून ओरडते, "अहो, बाजूला व्हा, ती मरतेय तिकडं!"

"मरू दे गं," मास्तर म्हणतात, "तेवढीच हलायची थांबेल."

बक्षीस समारंभ तर ते आवाज बंद करून बघतात. नटनट्या गालिच्यावरून चालत आल्या की यांचे निकाल सुरू. "ह्याचा डावा खांदा पडलाय, पण कोट शिवणाऱ्यानं झाकून नेलंय. आणि ही बसली की उसवणार. बघा, बसणारच नाही ती." आणि खरंच, ती बाई समारंभभर खांबाला टेकून उभी!

एकदा आम्ही दोघे सिनेमाला गेलो होतो. नायक पेटलेल्या इमारतीतून पोराला काढतोय, सगळं थिएटर श्वास रोखून बसलंय, आणि मास्तर मोठ्यानं म्हणाले, "आत जाताना कोटाला तीन बटणं होती, बाहेर आला तर चार. आगीत बटण जातं हो, येईल कसं?" पुढच्या रांगेतला एक दांडगा माणूस वळला. मला वाटलं, आता दोघांनाही प्रसाद मिळणार. तर तो म्हणाला, "मीही केव्हाचा तेच म्हणतोय." तोही शिंपीच निघाला. मग पुढचा सिनेमा त्या दोघांनी पाहिला आणि मी त्या दोघांना पाहिलं.

तर अशा माणसाच्या आयुष्यात डॉक्टरीणबाई आल्या. संध्याकाळच्या मालिकेतल्या. मालिकेत त्या मोठ्या डॉक्टर आहेत, पण त्यांच्या हातून अजून एकही पेशंट दगावलेला नाही, कारण एकही आलेला नाही. सगळा वेळ सासरच्यांत जातो. मात्र ड्रेस! उंच कॉलर, खांद्याला बारीक चुण्या, आणि कंबर अशी बसलेली की कापड अंगावरच वाढलंय म्हणावं. गल्लीतल्या बायकांनी मास्तरांकडे रांग लावली. मास्तरांनी तीन-तीनदा उसवून ती कंबर जुळवली आणि दुकानावर पाटी लावली: 'टीव्हीतल्यासारखं हुबेहूब.'

अडचण एकच होती. पाठ.

या मालिकावाल्यांची तऱ्हा तुम्हालाही ठाऊक असेल. नवऱ्याशी भांडायचं असलं तरी बाई त्याच्याकडे पाठ करून आपल्याकडे तोंड करते. दारातून बाहेर जायची वेळ आली की तेवढ्यात जाहिरात लागते. डॉक्टरीणबाईंचा ड्रेस पाठीमागून कसा आहे, हे आजवर एकाही माणसानं पाहिलं नव्हतं. मग मास्तरांनी काय करावं? पाठ स्वतःच्या मनानं शिवली. कमरेच्या वर फितीचा एक थोरला बो लावला. थोरला म्हणजे किती? पाठीवर ससा बसल्याएवढा. आमच्या घरीही एक ससा आला. आमच्या सौभाग्यवतींना खुर्चीत टेकून बसता येईना. त्या ताठ बसायला लागल्या आणि त्यांची जुनी कंबरदुखी गेली, ते वेगळंच.

पोस्टातल्या बाईंनी एकदा विचारलं होतं, "मास्तर, मागून असंच आहे ना नक्की?"

मास्तरांनी "मला काय ठाऊक" म्हणायचं की नाही? पण पाटीकडे नजर गेली आणि तोंडातून निघालं, "बाई, त्यांच्या कपडेवाल्याशी आपली ओळख आहे." आता अशी थाप एकदा मारली की ती रोज खायला मागते. महिन्याभरात तो कपडेवाला मास्तरांचा जिवलग झाला, त्याला दोन मुली झाल्या, त्यातल्या एकीचं लग्नही ठरलं.

आणि एके सकाळी फर्निचरवाले शेठ दुकानात आले. "मास्तर, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला डॉक्टरीणबाई येताहेत! मालिकेतल्याच ड्रेसवर येणार. मागच्या भिंतीला भलामोठा पडदा शिवून द्या."

मास्तर संध्याकाळी माझ्याकडे आले ते चप्पल न काढताच. "दादा, संपलं. ती बाई येणार, वळणार, आणि सगळ्या बायकांना दिसणार की बो नाही. मला थापाड्या म्हणतील. दुकान बसलं म्हणून समजा."

"वळू देऊ नका," मी म्हणालो.

मी आपला सहज बोललो. पण मास्तरांच्या डोक्यात दिवा पेटला. त्यांनी शेठना गाठलं. व्यासपीठ भिंतीला चिकटवून घेतलं, खुर्ची पडद्याला टेकवली, पायऱ्या बाजूला घेतल्या. शेठना सांगितलं, "मोठ्या लोकांनी गर्दीला पाठ दाखवू नये, बरं दिसत नाही." शेठ खूश. पडदाही स्वतः शिवला, शेठच्या सांगण्यावरून त्याला ओढायची दोरीसुद्धा लावली. मागे जर नुसती भिंत आहे तर पडद्याला दोरी कशाला, हा प्रश्न कुणालाही पडला असता. मास्तरांना पडला नाही, कारण शिवताना समोर मालिका चालू होती.

उद्घाटनाला सगळ्या बायका आल्या, पाठीवर ससे घेऊन. मास्तर माझा दंड धरून उभे. डॉक्टरीणबाई गाडीतून उतरल्या आणि मास्तरांनी सुस्कारा सोडला. बाईंनी ड्रेसवर डॉक्टरचा पांढरा कोट घातला होता.

"देव पावला," मास्तर पुटपुटले.

बाई हसतमुख होत्या. व्यासपीठावर चढल्या, दिव्यांखाली उकडलं, म्हणून गर्दीकडे तोंड ठेवूनच कोट काढून शेठच्या हातात दिला. तरी बिघडलं नव्हतं. पाठीमागं पडदा. मग शेठ म्हणाले, "आता बाईंच्या हस्ते आपल्या आरशांच्या कपाटांचं अनावरण!" आणि बाईंनी दोरी ओढली.

पडदा सरसर बाजूला गेला. मागे भिंतीतच बसवलेली, ओळीनं आरशांची कपाटं. जितके आरसे, तितक्या पाठी.

बो नव्हता. मास्तरांना ते ठाऊकच होतं. पण तिथं होते चिमटे. वरपासून कमरेपर्यंत चार मोठे काळे चिमटे, आणि त्यांत चिमटून धरलेलं जास्तीचं कापड कुत्र्याच्या कानासारखं लोंबत होतं. चित्रीकरणावरून निघायच्या घाईत कुणी काढले नव्हते. बाई बिचाऱ्या पुढे बघून हात हलवत होत्या.

मला वाटलं मास्तर आता पळतील. तर ते जागचे हलेनात. डोळ्यांत पाणी. "दादा, दोन मापं मोठा तयार ड्रेस घालतात आणि मागून आवळतात. मी तीन-तीनदा उसवून जी कंबर बसवली, ती तिकडं चिमट्यांवर उभी होती हो!" थाप उघडी पडल्याचं ते विसरूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच बायका हजर. सगळ्यांत पुढे पोस्टातल्या बाई, कमरेवर हात.

"मास्तर, हे तुम्ही बरं नाही केलंत."

मास्तरांनी मान खाली घातली. "चुकलं बाई."

"बो कधीच जुना झाला, आता चिमट्यांची फॅशन आली, आणि कपडेवाला एवढा घरचा असून तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत?"

मग त्या भल्या माणसानं जे कधी केलं नव्हतं ते केलं. सगळं खरं सांगून टाकलं. कपडेवाला नाही, बो माझ्या डोक्यातला, आणि चिमटे म्हणजे फॅशन नव्हे, बेमापाचं कापड लपवायची युक्ती.

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. "कपडेवाल्यानं बजावलेलं दिसतंय, कुणाला सांगू नका म्हणून," एक म्हणाली. पोस्टातल्या बाईंनी तर मास्तरांना धीर दिला, "असू दे हो, आम्ही कुठे बोलणार नाही. माझ्या ड्रेसला चार लावा."

मेहुणी आतून म्हणाली, "लावा की! आयुष्यात एकदा खरं बोललात, त्याचंही काही झालं नाही."

मास्तरांनी चिमटे लावले. पण ढिला ड्रेस शिवायला त्यांचा हात धजेना. म्हणून त्यांनी आधी ड्रेस अंगासरसा बसवला, अगदी सुरकुती न पडता, आणि मग पाठीवर चिमटे नुसते शोभेला टाकले. चिमटे काढले तरी कंबर तसूभर हलत नाही, हे फक्त त्यांना कळतं. आणि ते कळलं की त्यांना झोप लागते.

आमच्याकडेही एक तसला ड्रेस आला. परवा आम्ही बसनं चाललो होतो. मागच्या बाकावर एक परक्या म्हाताऱ्या बाई होत्या. बराच वेळ त्या अस्वस्थ होत्या. शेवटी त्यांनी हळूच, एकेक करून चारही चिमटे काढले आणि आमच्या सौभाग्यवतींच्या हातात ठेवले. "अहो ताई," त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुमचे शिंपी हे काढायलाच विसरलेत. पण काही म्हणा, ड्रेस बसलाय मात्र झकास."

मी घरी न जाता आधी मास्तरांच्या दुकानात गेलो आणि ते शेवटचं वाक्य त्यांना दोनदा ऐकवलं.