न्यूमोकोनिओसिस आणि कोरडा झाडू

दगड कापायच्या शेडमध्ये झाडू मारणाऱ्या बाईला सगळे वहिनीच म्हणत. पैलवानाची वहिनी. पैलवान म्हणजे तिचा धाकटा दीर, शेडमधला पॉलिशवाला, तिने पोटच्या पोरासारखा वाढवलेला. आता जिना चढताना तो भिंत धरायचा.

पैलवानाला तपासून डॉक्टरांनी एक लांबलचक इंग्रजी शब्द वहिनीच्या तोंडावर फेकला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी युनियनची. असलं दिसलं की माझं डोकं फिरतं. वहिनीला घेऊन शेडच्या पायरीवर बसले.

"न्यू-मो-को-नि-ओ-सिस. जोर 'ओ'वर द्यायचा."

ती पायरीवर बोट आपटत म्हणू लागली, 'ओ'ला जरा जोरात. जमलं तशी हसली. "पैलवानाची जीभ अडकणार इथे."

"आता तुकडे बघ. न्यूमो म्हणजे फुप्फुस. ओसिस म्हणजे आजार."

"आणि मधलं कोनि?"

"धूळ."

तिचं बोट थांबलं.

झाडण्याआधी पाणी मारायचं, असा शेडचा नियम. पण ओला गाळ शिशासारखा जड, घमेलं उचलताना कंबर मोडायची. म्हणून ती कायम कोरडंच झाडायची, तेही जेवणाच्या सुट्टीत. बाकीचे बाहेर जायचे. दीर तिची वाट बघत, डबा न उघडता, त्या पांढऱ्या धुरळ्यात बसून राहायचा.

तिने हे सांगितलं तशी मी भडकले. "धूळ ओढणारा पंखा मालकाने बसवला नाही. तू कशाला दोष अंगावर घेतेस?"

"झाडू मालकाच्या हातात नव्हता, ताई."

मी तिच्याबरोबर घरी गेले. पैलवान उशीला टेकून बसला होता. "काय वहिनी, शिकलीस का माझं इंग्रजी?"

तिने शब्द म्हटला. जोर बरोबर पडला.

"म्हणजे काय?"

"फुप्फुसाचा आजार."

"एवढ्या लांब शब्दाचा एवढाच अर्थ? मधलं खाल्लंस तू काहीतरी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी, कधी नव्हे ते, मालकाचं नाव काढलं नाही.

"धूळ," ती म्हणाली. "मी उडवलेली. कंबर वाचवायला कोरडं झाडत होते, आणि तू माझ्यासाठी तिथे बसायचास."

तो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "उद्या पाणी मारशील?"

"मारीन."

त्याने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी शेडची जमीन ओली होती. वहिनी गाळाचं घमेलं उचलत होती. मी दुसऱ्या बाजूने धरायला गेले.

"हात लावू नका, ताई," ती म्हणाली.