लोखंडी कपाटातली पदवी

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. विद्यापीठाचं प्रमाणपत्र घरी आणलं त्या दिवशी आईनं ते देव्हाऱ्यासमोर ठेवलं आणि त्याला हळदकुंकू लावलं. कागदाला डाग पडेल हे तिला सांगायचं मला सुचलं नाही. उजव्या कोपऱ्यात बोटाएवढा पिवळा डाग पडला, तो अजून आहे.

पुण्यात चार ठिकाणी मुलाखती दिल्या. प्रश्न समजायचे, उत्तरही येत असायचं, पण इंग्रजीत तोंड उघडायचं नाही. मग परत आमच्या जिल्ह्याच्या गावी, शाहूपुरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत गेलो. खाली पाइप आणि मोटारींची दुकानं, वर तिसऱ्या मजल्यावर वीसेक माणसं. गावोगावच्या दूध संस्था संकलनासाठी आमचं सॉफ्टवेअर वापरत. मालकांना सगळे सर म्हणायचे. त्यांनी मराठीतच विचारलं, "गाव कुठलं?"

"बिद्रीच्या पलीकडं."

"घरात म्हशी?"

"तीन हायत."

"मग फॅट म्हंजे काय ते तुला शिकवायला नको. ये सोमवारपासनं."

त्या दोन मिनिटांसाठी मी आजही त्यांचा ऋणी आहे, हे आधीच लिहून ठेवतो.

मूळ कागदपत्रं कंपनीकडे जमा करायची पद्धत होती. दहावीपासून पदवीपर्यंतची सगळी, सरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. "मी कुणाकडनं बाँड लिहून घेत न्हाई," सर म्हणायचे. "कागद हितं ऱ्हाऊ देत. इश्वास ऱ्हातोय." माझ्या पदवीवरची हळद बघून ते हसले आणि म्हणाले, "असली माणसं पायजेत मला." मला ते कौतुक वाटलं. गावाकडे फोन करून मी ते वडिलांना सांगितलंही.

काम शिकवलं ते माझ्या शेजारी बसणाऱ्या ताईंनी. आठ वर्षं तिथं होत्या. एखाद्या संस्थेचा फोन आला, सगळे वैतागले, की त्या शांतपणे म्हणायच्या, "आधी आपलं तपासायचं. मग दुसऱ्याचं." माझ्या चुका त्यांनी कधी सरांपर्यंत जाऊ दिल्या नाहीत.

त्याच गल्लीच्या टोकाला दुसरी कंपनी होती, तेच काम करणारी. दोघे मालक एकाच कॉलेजात शिकलेले. चहाची गाडी मात्र एकच. आमची माणसं एका बाजूला उभी राहायची, त्यांची दुसऱ्या. "काय पावणं, कागद सुटलं का?" असं ते चिडवायचे. "तुमचं सुटल्यावर बघू की," असं आमच्यातलं कुणीतरी म्हणायचं. त्यांच्याकडेही तसलंच कपाट होतं.

ताईंच्या आईला लकवा झाला. घरात दुसरं बघणारं कुणी नव्हतं. घरून काम करू द्या म्हणून त्यांनी सरांना दोनदा विचारलं. सर म्हणाले, "एकीला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतंय." गल्लीच्या टोकाची कंपनी घरून काम द्यायला तयार झाली. फक्त मूळ कागद बघायचे होते. ताईंनी पासपोर्टचं कारण सांगून कागद मागितले. खरं काय ते मला चहाच्या गाडीवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला आत बोलावलं. बसायला सांगितलं, हेच विशेष होतं.

"पासपोर्ट कशाला लागतोय रं तिला?"

मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण ज्यानं आपल्याला उभं केलं त्याच्यापुढे खोटं बोलायचं नाही, हे मी घरातून घेऊन आलो होतो. आणि मला खरोखर वाटलं, की ताई जाणार हे कळल्यावर सर हादरतील, त्यांना घरून काम देतील आणि त्या राहतील. म्हणजे मी त्यांचं भलंच करत होतो. मी सगळं सांगितलं, आईच्या आजारपणासकट.

सरांनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडे गल्लीच्या टोकाचे मालक. आवाजात राग अजिबात नव्हता. "आपलं ठरलंय न्हवं, एकमेकांची माणसं घ्यायची न्हाईत? मग? … बरं. जेवायला ये रविवारी."

एवढंच. इतकी वर्षं आम्ही चहाच्या गाडीवर दोन बाजूंना उभे राहत होतो.

ताईंना तिकडून नकार आला. इकडे सरांनी त्यांना काढलं नाही. त्यांच्या संस्था माझ्याकडे दिल्या, त्यांचा पासवर्ड बंद केला. त्या नऊ वाजता यायच्या आणि बंद पडद्यासमोर बसायच्या. मी शेजारी बसून त्यांचं काम करायचो. अडलं की विचारायचो, आणि त्या सांगायच्या. अकराव्या दिवशी त्या आल्या नाहीत. कागद कपाटातच राहिले आणि ते हातात नाहीत म्हणून त्यांना दुसरीकडे कुठं अर्जही करता येईना.

त्या महिन्यात सरांनी कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. "तू भरवशाचा हायस," म्हणाले.

साडेतीन महिन्यांनी ताई वकिलाची नोटीस घेऊन आल्या. सरांनी मला मान हलवून खूण केली. मी कपाट उघडलं. त्यांची फाइल माझ्या फाइलच्या खाली होती, म्हणून आधी माझी बाहेर काढावी लागली. ताईंनी उभ्या उभ्या एकेक कागद तपासला, पुढून आणि मागून.

जिन्यापर्यंत मी त्यांच्या मागे गेलो. म्हणालो, "ताई, सरांना मीच सांगितलं."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्याशिवाय कुणाला सांगितलंच न्हवतं."

मी विचारलं, "आई कशा आहेत?"

"गेली गेल्या महिन्यात. आता घरनंच काम पायजे असं काय न्हाई. कुठं बी चालतंय."

त्यांनी फाइल पिशवीत घातली, दोन पायऱ्या उतरल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "तुझी बाहेरच हाय न्हवं? घेऊन जा की."

मी वर आलो. माझी फाइल टेबलावर होती. सर फोनवर बोलत होते, त्यांनी वर बघितलंही नाही. फाइल उघडून मी हळदीचा डाग बघितला, मग ती कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली अजून माझ्याच खिशात आहे.