नऊ झाडांचा कडता

पिशोरच्या बाजारात कारभारी मापाड्याचा हात पोत्यात गेला की शेतकऱ्याचा जीव खाली-वर व्हायचा. हात पार तळापर्यंत घालायचा, मूठभर माल वर काढायचा, तळव्यावर चोळायचा आणि काट्याकडं न बघता बोलायचा, "दोन किलो माती." झालं. काट्यावर बावन्न भरले तरी चिठ्ठीवर पन्नासच पडायचे. ह्यालाच म्हणायचं कडता. ओलीचा कडता, मातीचा कडता, काडीकचऱ्याचा कडता. बाया गयावया करायच्या, "भाऊ, चाळून आणलाय, जरा देवाला भ्या!" पण हा काही ऐकणाऱ्यातला नव्हता. व्यापाऱ्याचा मिंधा होता म्हणाल, तर तसंही नाही. चहासुद्धा स्वतःच्या खिशातला प्यायचा. त्याचं म्हणणं एकच, माल तेवढा माल आणि माती तेवढी माती. कुणी चिडून पोतं तिथंच ओतायचा, माती वेगळी करून तोलायला लावायचा, आणि कारभाऱ्याचा आकडा बरोबर निघायचा. त्या गोष्टीचा त्याला भलता तोरा होता.

असल्या माणसानं अडतीस वर्षांत एकदाच कडता धरला नाही. त्याची ही हकीगत आहे, आणि सांगायला मला काही हौस नाही.

दोन हजार चौदा साल होतं, दसऱ्याच्या आधीचे दिवस. भर बाजारात पोलिसांची जीप आली आणि फौजदार म्हणाला, "मापाडी कोण? काटा घ्या, पंच म्हणून चला." पोलिसाला नाही म्हणायची छाती कुणाची असते? कारभाऱ्यानं काटा उचलला आणि जीपमध्ये बसला. जीप थांबली आप्पासाहेबांच्या मळ्यात. तिथं त्यांचा सालगडी सांडू विहिरीजवळच्या छपरापुढं उकिडवा बसला होता. साठीला टेकलेला माणूस, अंगात फाटकी बंडी. छपराच्या मागं अंबाडीच्या ओळी होत्या आणि त्यांच्या आडोशाला गांजाची नऊ झाडं, पुरुषभर उंच.

सांडूची चिलीम गावाला ठाऊक होती. दिवसभर राबून आला की दोन झुरके मारायचा आणि गप पडायचा. बैलाचं पोट धरलं तर त्यालाही चार पानं चारायचा. विकायचं म्हणाल, तर त्या माणसाला स्वतःची कोंबडी धड विकता येत नव्हती. पण गुन्हा तो गुन्हा, ते तोही नाकारत नव्हता. "व्हय सायेब, म्याच लावलीत," म्हणाला. आप्पासाहेबांनी मात्र कानावर हात ठेवले. जमीन त्यांची, विहीर त्यांची, झाडं तेवढी सांडूची.

सकाळीच पाणी भरलेलं रान. शिपायांनी झाडं उपटली तशी मुळांबरोबर ढेकळंच्या ढेकळं वर आली. चिखल, मुळं, बोटाएवढे दांडे, पाला, सगळं एका ताडपत्रीत गुंडाळलं आणि काट्यावर टाकलं. कारभारी वाकला. सवयीनं त्याचा हात मुळाकडं गेला, झटकायला.

"ओ, हात लावू नका!" फौजदार खेकसला. "मुद्देमाल आहे तो. जसंच्या तसं तोला."

कारभाऱ्यानं हात खाली घेतला. काट्यावर तेवीस किलो चारशे भरले. पंचनाम्यावर सही केली आणि तो उरलेला बाजार गाठायला परतला.

वर्षानं साक्षीचं बोलावणं आलं. पिशोरहून औरंगाबादला जाताना बसमध्ये त्यानं मनाशी घोकलं होतं, कुणी मातीचं विचारलं तर सांगून टाकू. पण विचारतंय कोण? सांडूला सरकारनं दिलेला वकील नवखा पोरगा होता, जन्मात त्यानं मोंढ्यातला बाजार बघितला नसेल. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचा काटाच खोटा होता, असं माझं म्हणणं आहे."

झालं! खोटा काटा म्हणजे मापाड्याला आईवरून शिवी. कारभाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माती राहिली, सांडू राहिला, सगळं राहिलं बाजूला. "सायेब," तो जज्जाकडं बघून म्हणाला, "माझ्या हातनं वजन कवाच चुकलं नाय. तेवीस किलो चारशे म्हंजी तेवीस किलो चारशे."

टायपिस्टानं ते उतरवून घेतलं. सांडूला दहा वर्षं पडली.

दहा! कारभाऱ्याला वाटलं होतं, वर्षभर ठेवतील, फार तर दोन. अपील झालं, तेही फेटाळलं. मग कारभारी त्या विषयाच्या वाटेला गेलाच नाही. दोन वर्षांनी काटा सोडला, गुडघे धरले, पोरगा काकासाहेब वाळूजच्या कंपनीत लागला, आणि म्हातारा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत दिवस काढायला लागला. सांडूची बायको चतुराबाई समोरून गेली की मात्र ह्याला हटकून घरात काम आठवायचं.

चतुराबाई दर महिन्याला औरंगाबादला हर्सूलच्या तुरुंगात जायची. पिशोरहून जीपनं कन्नड, तिथून एसटी, मग वेशीपासून पायी, आणि एवढं करून वीस मिनिटांची भेट. ह्या काळात शहराचं नाव बदललं, एसटीची पाटी बदलली, तिच्या चपलांचे किती जोड झिजले, सांडूची शिक्षा तेवढी तशीच राहिली. त्याच्या बराकीत एकजण होता, भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातलेला. सात वर्षांची शिक्षा. माफीचे दिवस कापत कापत पाच वर्षांत घरी गेला, जाताना सांडूला आपली चादर देऊन गेला. सांडूला माफी नाही. गांजावाल्याला कायद्यात ती नसतेच म्हणे, कितीही सरळ वागा, कितीही झाडलोट करा.

आठ वर्षं उलटल्यावर एका सकाळी चतुराबाई कारभाऱ्याच्या दारात येऊन उभी राहिली. त्याला आत पळायलाही सवड मिळाली नाही.

"बसा की वैनी," तो म्हणाला.

"बसाया नाय आले." तिनं पदराच्या गाठीतून पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी काढली. "तुरुंगात एक वकीलबाई येत्यात, पद्मजाबाई. फुकट काम करत्यात. त्यांनी सांगितलं, गांजा म्हंजी नुसते फुलाचे शेंडे. माती धरायची नाय, मुळं नाय, दांडं नाय. वीस किलोच्या वर गेलं तर धा वर्षांच्या खाली देताच येत नाय, अन् वीसच्या आत असतं तर जज्जाच्या मर्जीवर. म्हंजी तीन किलो चारशेनं मारलं आमाला."

कारभारी ओट्यावरून उठायला लागला, तशी ती पुढं म्हणाली,

"भाऊ, माझा अर्धा एकर कांदा. तीस वर्षं तुमच्याच काट्यावर आणला. दर पोत्याला दोन किलो माती कापली तुमी. येकदा तरी सोडली का? मी रडले तरी नाय सोडली." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मग माझ्या मालकाच्या वक्ताला तुमचा कडता कुठं गेला हुता?"

ती चिठ्ठी ओट्यावर ठेवून गेली.

तीन आठवडे ती चिठ्ठी गणपतीच्या तसबिरीमागं पडून होती. काकासाहेब फोनवर म्हणाला, "बाबा, कशाला नसती उठाठेव? कोर्टात एक बोललात, आता दुसरं लिहून दिलंत तर तुम्हालाच आत घालतील." खोटं नव्हतं त्याचं. पण म्हाताऱ्याला जेवण जाईना. शेवटी तो उठला आणि शहरात गेला.

पद्मजाबाईंचं ऑफिस म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. बाई पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं सरळ. "काका, कोर्टाची दारं बंद झाली. आता दयेचा अर्ज तेवढा उरलाय. मुंबई, दिल्ली, जाईल तिकडं जाईल. तुरुंगाची माफी त्यांना नाही, पण हा अर्ज करायला कायदा आडवा येत नाही. तुम्ही वजनाचं खरं लिहून दिलंत तर त्यात काहीतरी दम येईल. होईलच असं मी म्हणत नाही. तुम्हाला त्रास होणार नाही, असंही म्हणत नाही."

"किती लिहू?" कारभाऱ्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"कडता किती लिहू? अंदाजपंचे आकडा मी जन्मात लिवला नाय."



गावी येऊन त्यानं जे केलं त्यावर पिशोरभर हसू झालं. भाच्याच्या बांधावर अंबाडी होती, गांजाच्या झाडासारखीच दिसणारी. त्यातली पुरुषभर उंच नऊ झाडं त्यानं निवडली, बुडाशी सकाळी पाणी सोडलं, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर बसून एकेक उपटलं. जुना काटा पुसून मांडला. ताडपत्रीत बांधून तोललं तर बावीस किलो नऊशे. मग जो हात त्या दिवशी खाली घेतला होता, त्यानं मुळं झटकली. माती एकटी पाच किलोच्या वर निघाली. पाच! वीसच्या आत यायला तेवढीच पुरली असती. मुळं कापली, दांडे काढले, पाला ओरबाडला. शेवटी नुसते शेंडे पाटीत घातले आणि काट्यावर ठेवले. दोन किलो शंभर.

"काय मापाडी, आता अंबाडीचाबी कडता का?" रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं. कारभारी आकड्याकडं बघत बसला. त्याला रडू आलं, आणि आपण रडतोय ह्याचा रागही आला.

हे सगळं त्यानं लिहून दिलं. मुळांना माती होती, मी झटकायला हात नेला, मला मना केलं, मी गप बसलो, कोर्टातही गप बसलो. अंबाडीच्या नऊ झाडांचं वजनही लिहिलं. वर म्हणाला, "बाई, खाली लिवा, ह्यात माझी चूक हाय." पद्मजाबाईंनी तेही लिहिलं.

मग वाट बघणं सुरू झालं. उन्हाळा गेला, पोळा गेला, दिवाळी गेली. आता चतुराबाई समोरून गेली की कारभारी ओट्यावरच बसून राहायचा आणि विचारायचा, "काय आलं का, वैनी?" ती मान हलवायची. रागवायचीही ताकद राहिली नव्हती तिच्यात. कधी पाणी मागायची, पिऊन तशीच पुढं जायची. दोघंही थकलेली माणसं, आणि मध्ये तो एक कागद कुठल्या टेबलावर पडलाय ते देवाला ठाऊक.

अकराव्या महिन्यात उत्तर आलं. चतुराबाईला वाचता येत नव्हतं. पद्मजाबाईंनी फोनवर थोडक्यात सांगितलं होतं, पण तिला शब्दन् शब्द ऐकायचा होता. ती लखोटा घेऊन कारभाऱ्याच्याच दारात आली. "वाचा," म्हणाली.

कारभाऱ्यानं चष्मा लावला. अर्ज नामंजूर. का, तेही लिहिलं होतं, आणि ते त्याला मोठ्यानं वाचावं लागलं. "सदर पंचाने न्यायालयात शपथेवर सांगितले आहे की, 'माझ्या हातून वजन कधीच चुकलेले नाही.' आठ वर्षांनंतर दिलेल्या प्रतिज्ञापत्रावरून त्या साक्षीबाबत शंका घेण्याचे कारण दिसत नाही."

चतुराबाईनं कागद त्याच्या हातातून घेतला, नीट घडी घातली.

"किती राहिलं?" कारभाऱ्यानं विचारलं.

"वर्षभर."

"सोमवारी भेट हाय," ती म्हणाली. "ह्या बारीला तुमी चला, अन् तुमीच सांगा त्यास्नी. तुमच्या हातनं चुकत नाय ना काई."

कारभारी गेला. जीप, एसटी, वेशीपासून पायी. जाळीपलीकडं सांडू येऊन उभा राहिला तर आधी ओळखूच आला नाही. केस पार पिकलेले, गाल आत गेलेले, बंडीच्या जागी तुरुंगाचा सदरा. चतुराबाई बाजूला सरकली.

"सांडू, अर्ज फेटाळला," कारभारी म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "माझ्यामुळं फेटाळला गड्या. त्या दिवशी माती लई हुती. मी कडता धरला नाय."

"मला ठावं हाय," सांडू म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाया पाहिजे? समोरच तर बसलो हुतो. तू मुळं झटकाया हात उचलला, सायेब वरडला, तू हात खाली घेतला. म्या बघितलं की समदं." सांडूच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, आत्ता भ्यालाय बिचारा. कोर्टात तरी झटकंल."

वीस मिनिटांतली पंधरा अजून शिल्लक होती. कारभारी जाळी धरून उभा राहिला. मग सांडूनंच विचारलं, औंदा पिशोरला पाऊस कसा हाय.