वरातीतलं रॉक

मूल गावच्या बसस्टँडमागे माझ्या एका मित्राचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. सिनेमाची गाणी मागणाऱ्याकडे तो असा बघायचा, जणू गिऱ्हाईक चुकून युरिया मागतंय. त्याला आवडायचे ते फक्त कोणीच न ऐकलेले परदेशी रॉक बँड. त्यातला एक मलाही आवडला, तर तो खिन्न झाला. "तुले आवडला म्हणजे आता सगळ्यायले आवडन," म्हणाला आणि तो बँड त्याने सोडून दिला.

एकाचं गाणं दुसऱ्याने गायलं, की मात्र तो खूश. "पहिल्यांदा तं कोणीबी गाते," हे त्याचं तत्त्वज्ञान.

शेवटी लग्नात वाजवणाऱ्या आमच्या गावच्या बँडवाल्यांना महिनाभर चहा पाजून त्याने आपल्या आवडीचं एक परदेशी रॉक गाणं शिकवलं. भर वरातीत ते सुरू झालं आणि नाचणारे थबकले.

"काऊन गा, कोणी मेलं काय इथी?" नवरदेवाचा मामा ओरडला.

बँडवाले चाचरले. हा मात्र डोळे मिटून रस्त्याच्या मधोमध एकटाच नाचत राहिला. त्याच्याकडे बघून त्यांनी गाणं पुरं वाजवायचं ठरवलं.

मी हसायला तोंड उघडलं होतं. का कोण जाणे, मीही नाचायला गेलो. त्याने डोळे उघडले, मला पाहिलं आणि थोडं सरकून जागा दिली.