एका पंपात तीन औषधं

मला टायपिंगच्या मॅडमनी वाचवलं, हे आधी सांगून टाकते. काय झालं होतं ते मागाहून येईलच. पण ते सांगायला बसले की मी आपलीच बाजू मांडत राहते आणि मॅडम राहून जातात, असं दोनदा झालंय. आर्वीत बसस्टँडसमोरच्या माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. अर्ध्या खोलीत टाइपरायटर, अर्ध्या खोलीत कॉम्प्युटर, आणि मधे हातात फूटपट्टी घेऊन मॅडम. शिकणाऱ्याच्या मशीनला त्या स्वतः कधी बोट लावत नसत. "माह्या बोटाले येते. तुह्या बोटाले आलं पाह्यजे," म्हणायच्या.

मी मूळची रत्नागिरीकडची, खाडीकाठची. शाळा नववीत सुटली आणि लग्न होऊन मी आर्वीला आले. आमच्यातली चार-दोन घरं व्यापाराच्या निमित्तानं फार पूर्वी तिकडे जाऊन राहिलेली, त्यातलं हे एक. माहेर ते सासर म्हणजे दीड दिवसाचा प्रवास. भाषा मराठीच, तरी पहिले सहा महिने मी नुसती मान हलवायची. सासऱ्यांना तिकडे मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मला हे मांडवात कळलं, तोवर 'मामाजी-आत्याबाईंच्या पाया पड' एवढं ऐकून मी दोन परक्याच माणसांच्या पाया पडून मोकळी झाले होते.

घराखालीच मामाजींचं कृषी केंद्र. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. गिऱ्हाईक रोग लागलेलं पान काउंटरवर ठेवायचं, मामाजी ते उलटं करून बघायचे आणि मागे न वळता हात वर करून फळीवरचा डबा काढायचे. मग दुसरा. "हे अळीचं, हे माव्याचं. आन् हे टॉनिक, पीक थकते ना गा." तिन्ही एकाच पंपात मिसळून फवारायचं. "एकानं भागत नाई का सेठजी?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: "तू जेवतं का गा एका भाजीवर?"

नणंद कॉलेजात गेली तेव्हा घरात कॉम्प्युटर आला. त्याला वेगळी खोली मिळाली. आत जाताना चपला बाहेर. अंगावर भरतकामाचं झाकण. उन्हाळ्यात कूलरचं तोंड त्याच्याकडे आणि पाठ आमच्याकडे. दसऱ्याला त्याची पूजा झाली, तेव्हा डब्याच्या फटीतून चार अक्षता आत गेल्या, त्या मला वाटतं अजून आतच असतील. माझ्याकडे झाकण धुण्याचं काम होतं. पुढे नणंदेनं फोटो कसे उघडायचे, फोल्डर कसं करायचं हे शिकवलं, पण तिच्यासमोर. एकटीनं हात लावायचा नाही, असा आत्याबाईंचा कायदा. "नववीवालीनं बिघडवलं तं कोणाले विचारावं?"

त्या वर्षी पावसाळ्यात माझे वडील गेले. दिवाळीत माहेरी गेले, तेव्हा भावानं सायबर कॅफेवाल्याचा पेनड्राइव्ह हातात ठेवला. त्यात आईचे, अंगणाचे, खाडीचे फोटो होते आणि वडिलांचा एक. वडिलांना पुढचे दात नव्हते, म्हणून फोटोत ते कायम तोंड मिटून बसत. या एकात हसले होते. "उतरवून घे आणि पेनड्राइव्ह पोस्टानं परत पाठव," भाऊ म्हणाला. कॅमेरा मित्राचा होता आणि त्यातलं सगळं पुसलं गेलेलं.

आर्वीला परतल्यावर एका दुपारी सगळे आडवे झाले असताना मी चपला काढल्या, आत गेले आणि कुणालाही न विचारता ते फोटो उतरवले. फोल्डरला नाव दिलं, 'माहेर'. पेनड्राइव्ह पोस्टात टाकला. कॅफेवाला तो पुसून दुसऱ्याला देणार, म्हणजे ते फोटो आता फक्त आमच्या कॉम्प्युटरवर.

तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरनं मान टाकली. बटण दाबून नणंद आंघोळ करून यायची, तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ तसंच. फोल्डर उघडलं की आत त्याच नावाचं दुसरं फोल्डर, त्यात तिसरं, आणि शेवटी काहीच नाही. 'माहेर'चंही तेच. रोग कुठून आला हे घरात फक्त मला ठाऊक होतं. मी दिवसातून तीनदा झाकण धुवायला न्यायचे आणि वाळवून परत घालायचे.

औषध निवडायचं म्हणजे मामाजींचा प्रांत. ते कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात गेले, सोबत नणंद आणि मी. त्यानं अँटिव्हायरसचा एक खोका काउंटरवर ठेवला. मामाजींनी तो पानासारखा उलटा केला.

"एक्सपायरी किती?"

"एक साल, सेठजी."

"बस्स? आमच्या औषधाले दोन साल राह्यते. आन् याच्यासोबत दुसरं कोणतं देता?"

"एकच टाकतात, सेठजी."

मामाजी माझ्याकडे बघून हसले. धंदा न कळणाऱ्या माणसाबद्दल वाटावी, तशी कणव होती त्या हसण्यात.

तो खोका आला. शिवाय नवऱ्यानं नागपूरहून दुसऱ्या अँटिव्हायरसची एक सीडी आणली. ती चालू करायच्या किल्लीचा नंबर तिच्यावर पेनानं लिहिलेला, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी किल्ली. नणंदेच्या मैत्रिणीनं एक फुकटचं दिलं. आणि मशीनचा वेग वाढवणारं एक मामाजींनी मागून घेतलं, कारण टॉनिकशिवाय त्यांना चैन पडत नसे. सगळं एकाच दुपारी आत गेलं.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. पहिलं औषध म्हणे, दुसरं औषध हाच चोर आहे. दुसऱ्यानं तिसऱ्याला कोंडून घातलं. तिसरं दर पाच मिनिटांनी वर येऊन सांगे की तुम्ही सुरक्षित आहात. टॉनिक सांगे की मशीनमध्ये शेकडो चुका आहेत, आणि एवढं सांगायला अर्धा तास घेई. "औषध लागलं का पीक आधी मलूल होतेच," मामाजी म्हणाले. "आठ दिवस थांबा." आठ दिवस आम्ही थांबलो. आत्याबाईंनी मधल्या शनिवारी कॉम्प्युटरवरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. खरं सांगायचं तर सगळ्या उपायांत त्या एकानं मशीन आणखी मंद झालं नाही.

नवव्या दिवशी कॉम्प्युटरवाला घरी आला. त्यानं मान हलवली. "फॉरमॅट मारू. सगळं पुसून नवीन. कोणाचं काही ठेवायचं हाय का आत?"

नणंद म्हणाली, तिचं सगळं कॉलेजात आहे. नवऱ्याची नुसती गाणी होती. मामाजी म्हणाले, "पुसा. कापसाची जुनी पऱ्हाटी उपटल्याशिवाय नवी पेरणी होत नाई."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. माझं ठेवायचं आहे, असं म्हटलं तर ते आत कसं आलं हेही सांगावं लागणार. मी तोंड उघडलं आणि चहात साखर कमी आहे का, एवढंच विचारलं.

"उद्या दुपारी येतो," म्हणून तो गेला.

सकाळी भाजीची पिशवी घेऊन मी बसस्टँडसमोरची माडी चढले. नणंद या क्लासला जायची. तिला आणायला गेले की मॅडम मला खुर्चीत बसवायच्या, दारात उभं राहिलेलं माणूस त्यांना चालत नसे. मी बसले आणि पेनड्राइव्हपासून साखरेपर्यंत सगळं सांगितलं. मधे रडलेही असेन.

"पुसलं का त्यायनं?"

"आज दुपारी पुसणार."

"मंग आत्ताच काऊन रडतं व? चाल."

अकराच्या सुमारास मॅडम आमच्या दारात चपला काढत होत्या. मामाजी दुकानातून वर आले. "औषध सुरू हाय, मॅडम. तीन-तीन टाकले."

"एकाच पंपात?"

"हो, मंग."

"खालून एखादा डबा आणवता का सेठजी? कोणताबी चालन."

नवऱ्यानं डबा आणला. मॅडमनी त्याला चिकटवलेलं पत्रक सोडवलं आणि माझ्या हातात दिलं. "वाच." मुंगीएवढी अक्षरं होती. मी वाचलं, "हे औषध इतर कोणत्याही औषधात मिसळून वापरू नये."

"ते कंपनीवाले लिहतच राह्यतात," मामाजी म्हणाले.

"लिहतात. वाचते कोण, ते पाह्यत होती मी." मॅडमनी खुर्ची ओढली. "बस व पोरी."

"तिले काय समजते?" आत्याबाई म्हणाल्या. "नववी हाय ते."

"आत्ता कागद कोणं वाचला?"

मी बसले. मॅडम मागे उभ्या राहिल्या आणि फूटपट्टीनं पडद्यावर दाखवत गेल्या. आधी टॉनिक काढलं, मग फुकटचं. नागपूरच्या सीडीची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "अळी रोज नवी येते, तं औषधही रोज नवं व्हाले पाह्यजे. चोरीच्या किल्लीनं हे नवं होत नाई, नुसतं जागा अडवून बसते." नवऱ्याला खाली दुकानात काहीतरी काम आठवलं. खोक्यातलं एकच औषध ठेवलं. इंटरनेट लावून ते ताजं केलं. मग मशीन बंद करून एक बटण दाबून धरत असं चालू करायला लावलं की पडद्यावरचं चित्रबित्र गेलं आणि अक्षरं मोठाली दिसायला लागली. "आता फक्त पोळी-भाजी चालू हाय. गोडधोड बंद," मॅडम म्हणाल्या. "आता तपास म्हणावं त्याले."

दीड तास ते तपासत होतं. मामाजी स्टूल घेऊन शेजारी बसले आणि मेलेल्या अळ्यांचा आकडा वाढला की मांडीवर थाप मारायचे. औषध त्यांच्याच पसंतीचं होतं.

"फोल्डर मात्र गेले ना?" नणंदेनं विचारलं.

"गेले नाई. अळीनं झाकून ठेवले अन् त्याच नावानं आपण येऊन बसली." मॅडमनी लपलेल्या वस्तू दाखवायची खूण सांगितली. मी ती केली. पडद्यावर पुसट फोल्डर उगवायला लागले. नणंदेचा अभ्यास, नवऱ्याची गाणी आणि सगळ्यांच्या खाली 'माहेर'.

"हे कोणाचं?" नणंद म्हणाली.

मॅडम भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागल्या. त्यांनी सांगितलं असतं तर मला सोपं झालं असतं.

"माझं," मी म्हणाले. "पेनड्राइव्ह मीच लावला होता, न विचारता. रोग त्यातूनच आला."

"पाह्य," आत्याबाई म्हणाल्या. "दीड दिवसाच्या रस्त्यानं आलेलं माणूस काहीतरी घेऊन येईनच, मी म्हणतच होती."

मामाजींनी हात वर करून आत्याबाईंना थांबवलं. मग म्हणाले, "पान घेऊन येते त्याले मी कधी विचारलं का, अळी कोणाच्या वावरातून आली म्हणून? तसं विचारलं तं दुकान चालन का? उघड तू."

मी उघडलं. वडिलांचा फोटो पहिलाच निघाला. मामाजी स्टुलावरून पुढे वाकले.

"हे व्याही हायेत? लग्नात चार दिवस तोंड उघडलं नाई यायनं. मी समजलो, माणसाले गुर्मी हाय."

"दात नव्हते, मामाजी. लाजायचे."

"मंग सांगाचं ना," आत्याबाई म्हणाल्या, आणि पदरानं पडदा पुसला. तो स्वच्छच होता. नंतर कॉम्प्युटरवाला आला, त्याला चहा देऊन परत पाठवलं.

मामाजी सुधारले असं मात्र नाही. दुसऱ्या दिवशीही काउंटरवर तीन डबे निघाले. फरक एवढाच झाला की पत्रक वाचायला ते मला खाली बोलवू लागले, आणि मिसळण्याबद्दलची ओळ आली की मोठ्यानं खोकायचे. मी ती ओळ दोनदा वाचायचे. खोलीचा कायदाही आपोआप सैल झाला, कुणी तसं बोललं नाही.

मॅडमना साडी-नारळ द्यायला गेले तर त्यांनी घेतलं नाही. "त्या फोटोतलं ते," त्या म्हणाल्या, "खाडीच्या पल्याड. ते सगळं पाणीच हाय?"

"समुद्र आहे तो."

"मी नागपूरच्या पुढं गेली नाई कधी. भरती येते म्हणतात, मंग ते पाणी येते कोठून?"

मी नारळ परत पिशवीत ठेवला. "फी द्याची असन तं ते दाव मले एकदा," मॅडम म्हणाल्या आणि फूटपट्टी घेऊन मुलींकडे वळल्या.

त्याला बरीच वर्षं झाली. क्लास बंद झाला, मॅडमचे गुडघे धरतात, आणि दर वेळी काहीतरी आड येतं, कधी त्यांचं, कधी आमचं. पण भावाला सांगून ठेवलंय, अंगणातून खाडीकडे उतरायच्या वाटेला पायऱ्या करून घे, आणि खाली काठावर एक खुर्ची ठेव. ओहोटीला नेईन त्यांना, म्हणजे पाणी कुठून येतं ते त्यांच्या डोळ्यांदेखत येईल. तेवढं फिटल्याशिवाय मी राहणार नाही.