पाइकसाठी नऊ नंबरची काठी

दादा गेला हे वहिनीने फोनवर सांगितलं तेव्हा मी गाडीची चावी शोधत होतो. त्याच्याकडेच निघालो होतो, नेहमीसारखा अर्धा तास उशिरा. वहिनी एवढंच म्हणाली, “ये, पण आता घाई करू नकोस…”

दादा माझा आतेभाऊ. ख्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट, आणि सुट्टीच्या दिवशी नदीत कमरेपर्यंत उभा राहून गळाने ट्राउट मासा पकडणारा. पकडायचा आणि सोडून द्यायचा. आमच्या आत्याला हे शेवटपर्यंत कळलं नाही. “खायचा नाही तर त्याला त्रास कशाला?” असं ती पुण्याहून पत्रात विचारायची.

आयर्लंडला गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने त्याला पाइक पकडायला बोलावलं. पाइक म्हणजे सुरीसारख्या दातांचा, हातभर लांब मासा. न्यूझीलंडमध्ये तो नाही, आणायलाही बंदी. म्हणजे तिकडे जायलाच हवं. दादाने ठरवलं, आपण दोघं जायचं. मी म्हटलं, जाऊ की. पहिल्या वर्षी मुलीची परीक्षा आली, दुसऱ्या वर्षी माझी नवी नोकरी. तिसऱ्या वर्षी काहीच कारण सापडेना, म्हणून मी गुडघा दुखवून घेतला.

तो मात्र तयारी करत राहिला, औषधाचा डोस ठरवावा तशी.

“विन्या, ट्राउटची पाच नंबरची काठी तिथे कामाची नाही. पाइकची माशी तळहाताएवढी. ती फेकायची तर नऊ नंबर हवी, आणि दोरी पुढच्या बाजूला जड. टोकाला तार. नायलॉन तो एका चाव्यात तोडतो.”

मी मान डोलवायचो. ही माशी म्हणजे पिसं, केस आणि चकाकी गळावर बांधून केलेलं आमिष, इतपत मला कळलं होतं. तेही एका दिवाळीत आमच्या आकाशकंदिलाची एक सोनेरी झिरमिळी गायब झाली तेव्हा. बायकोने विचारलं तर दादा शांतपणे म्हणाला, “पाइकला चकाकी आवडते गं. परत आलो की लावून देतो.” इथे दिवाळी वसंतात येते, आठ वाजेपर्यंत उजेड. कंदील कोणाला दिसतच नव्हता, म्हणून तेही खपलं.

गेल्या आठवड्यात वहिनीने गॅरेज आवरायला बोलावलं. कोपऱ्यात दोन लांब नळ्या होत्या, दोन्हींत नऊ नंबरच्या काठ्या. एक मला ठाऊक होती. दुसरीवर रीळ चढवलेलं, तार बांधलेली, तारेच्या टोकाला आमची झिरमिळी बांधलेली माशी. मी ती उचलली. रिळाची मूठ उजव्या बाजूला होती. दादाची नेहमी डावीकडे असायची.

मी डावखुरा आहे. काठी डाव्या हातात धरली की रीळ फिरवायला माझा उजवा हात मोकळा राहतो. मी कधी सांगितलं नव्हतं… त्यानेही विचारलं नव्हतं.

वहिनी म्हणाली, “तीन वर्षं झाली घेऊन. मी म्हटलं, त्याला दाखवा तरी. तर म्हणाले, दाखवली की त्याला यावंच लागेल. मनात नसताना कशाला ओढायचं?”

बायको म्हणते, झिरमिळी सोडवून कंदिलाला लाव. मी लावलेली नाही. काठी आता आमच्या दाराशी, चावीच्या खुंटीखाली उभी आहे. हल्ली चावी शोधावी लागत नाही.